धम्मशीलाचा टोंगळा

देऊळगाव राजा
२ डिसेंबर

निशिगंधा,

हे पत्र पाहून तुले वाटेल, म्हातारा नरमला. तसं काही नाही. मी अजून रागातच आहे. तो राग या पत्रात आणायचा नाही असं ठरवून बसलो, पाहू कुठवर जमते.

काम असं आहे. माझ्या ग्राउंडवर एक पोरगी आहे, धम्मशीला. बीबी गावची. इथं स्टँडच्या मागं खोली करून राह्यते आणि पोलीस भरतीची तयारी करते. गेल्या भरतीले थोडक्यात हुकली. या वेळी लागतेच, असं मीच तिच्या बापाले छाती ठोकून सांगून बसलो. आता बैठका मारताना तिच्या टोंगळ्यात कट कट आवाज येऊन राह्यला. खाली जाताना आवाज आणि उठताना दुखणं. टोंगळा म्हणजे गुडघा, पुण्यात राहून विसरली असशील तर. तू फिजिओथेरपी शिकलेली, रोज हेच पाहते. तर काय करा लागते ते कळव. सध्या मी तिले आराम देला आहे.

फोन काऊन नाही केला म्हणशील. तुझा नंबर मी बंद केला तो सगळ्या पोरांसमोर, ऐटीत. आता तो उघडते कसा ते मले येत नाही आणि त्याच पोरांले विचारायची लाज वाटते. तुझ्या आईच्या फोनवरून बोलावं तर ती मधातच जेवली का, केस गळायचे थांबले का, यात घुसते. कामाचं बोलणं राहून जाते. पत्ता तिनंच देला. फौजेत असताना आम्ही सगळं पत्रातच बोलायचो, मले त्याची सवय आहे.

तुझ्या त्या रीलबद्दल मी बोलणार नव्हतो. "आमच्या गावच्या ग्राउंडवर उठाबशांची शिक्षा देतात, त्यानं मुलांचे गुडघे जातात," असं तू म्हटलं. गावात तवा ग्राउंड एकच होतं आणि ते तुझ्या बापाचं होतं, हे शेंबड्या पोरालेही माहीत. गोविंदानं मले ते चहाच्या टपरीवर चारचौघांत दाखवलं. हाच गोविंदा, माझ्या हाताखाली तयार झाला आणि आता नाक्यावर स्वतःची अकॅडमी घालून बसला. माझ्या निम्म्या पोरी त्याच्याकडं गेल्या. धम्मशीला मात्र गेली नाही.

राग आणायचा नव्हता. आला. उत्तर लवकर दे.

उत्तमराव


११ डिसेंबर

निशिगंधा,

पत्राले पत्र पाठवायचं सोडून तू आईच्या फोनवर बोलून पाठवलं. तिनं ते भाकरी थापता थापता पुरा आवाज करून लावलं, गल्लीनं ऐकलं असेल. माझ्या पत्राखालची सही तू तिले सांगतली वाटते, कारण मले म्हणे, "लेकीले लिहिलं का तहसीलदाराले?" घे, या वेळी खाली बाबा लिहितो.

आता तुझे प्रश्न. आवाज दोन्ही टोंगळ्यांत येते, पण दुखते एकटा उजवा. दुखते तो आतल्या बाजूनं, सांध्याच्या फटीत, ती बोट ठेवून दाखवते. जिना उतरताना जास्त, चढताना कमी. पाय पिरगळला होता काय? हाव. दिवाळीच्या आधी पळताना खड्ड्यात गेलता, तवा पिरगळला. दोन दिवसांनी पळाली होती. सूज आहे काय? नाही. मधातच अडकते काय, सरळ होत नाही असं? नाही.

तू म्हणते, नुसता आवाज असला आणि दुखणं नसलं, तर त्याले भ्यायचं कारण नाही. कोणाच्याही टोंगळ्यात येते. आवाज सोडा, दुखणं पाहा. हे ऐकून मी म्हटलं, मग रीलमध्ये लोकांले काऊन भेवाडलं? तुझ्या आईनं हाताचं पीठ पुसलं, फोन घेतला आणि ते रील माझ्यासमोर शेवटपर्यंत लावलं. शेवटी तू हेच म्हणते. बैठका वाईट नाहीत, घाईनं आणि शिक्षा म्हणून मारलेल्या वाईट, असंही म्हणते. मी अर्धंच पाह्यलं होतं. गोविंदानं तेवढंच दाखवलं आणि माझं डोकं तिथंच फिरलं. बरं. पण सुरुवात तशी करायची काही गरज नव्हती.

खुर्चीचं समजलं. मागं खुर्ची ठेवायची, बूड मागं न्यायचं, खुर्चीले टेकलं की उठायचं. टोंगळे आत वळू द्यायचे नाही. दुखायच्या आधी थांबायचं. कुशीवर झोपून पाय उचलायचा. पळणं सध्या बंद. माझं ग्राउंड आहे का बाळंतिणीची खोली, असं वाटलं ऐकताना. तरी करून घेतो तिच्याकडून.

बाबा


२४ डिसेंबर
देऊळगाव राजा

निशिगंधा,

फरक आहे. मान्य करतो. खुर्ची पाहून पोट्टे पहिले हसले. एक म्हणे, "सर, पोलीस ठाण्यात बसायची प्रॅक्टिस काय?" त्याले मी सवयीनं उठाबशा सांगणार होतो, मग तोंडातला शब्द गिळला आणि ग्राउंडले चक्कर मारायले लावली. तेही तुले आवडणार नाही.

धम्मशीला मात्र कोणाले भीक घालत नाही. थंडी पडली आहे, गवतावर दव असते, आणि ही पोरगी सगळ्यांच्या आधी येऊन, शाल गुंडाळून, सतरंजीवर पाय उचलत पडलेली असते. तुझं बोलणं तिनं आपल्या वहीत उतरवून घेतलं नाही, तोंडपाठ केलं. मले म्हणते, "सर, ताई म्हणाल्या टाच उचलायची नाही, तुम्ही तर विटेवर टाच ठेवून बैठका शिकवता." मी म्हटलं, मी हे शिकलो तवा तुझी ताई पाळण्यात होती. पण वीट काढून टाकली.

एक गोष्ट मागच्या पत्रात राह्यली. म्हणजे मीच ठेवली. आराम देला असं मी लिहिलं, ते तुले पत्र लिहायले बसलो त्या दिवसापासून खरं. त्याआधी आपल्या ग्राउंडची रीत चालली होती. तुले माहीत आहे ती. टोंगळा वाजला की थांबायचं नाही, आवाज जिरवायचा. ओल्या रेतीत उभं राह्यचं, खांद्यावर जोडीदार घ्यायचा आणि आवाज बंद होईपर्यंत बैठका मारायच्या. मले माझ्या उस्तादानं असंच शिकवलं, आमच्या अख्ख्या बॅचचे टोंगळे असेच जिरवले. धम्मशीलाचा आवाज काही जिरेना, म्हणून मी तिच्या खांद्यावर तिच्याहून जड पोरगी देली. ती काही बोलली नाही. बोलत नाहीच ती. सूज होती तवा. मी तुले नाही म्हणून लिहिलं, कारण मले वाटलं की पायच जाड असेल.

आता सूज उतरली आहे, तर हे सांगायची तशी गरज नाही. तरी सांगतलं.

तुझ्या आईचं एक विचारायचं होतं. काल बालाजीले गेलतो, तर ती सगळ्या बायका खाली बसलेल्या असताना एकटी ओट्याच्या कठड्यावर बसली. मी म्हटलं, खाली बस ना. तर म्हणे, "खाली बसले तर उठवायले तुम्ही येता काय? चार वर्षं झाली मी खाली बसत नाही." चार वर्षं. मले आताच समजलं. तुले माहीत होतं काय? असेल. तुले सगळं माहीत असते आणि मले कोणी काही सांगत नाही.

बाबा


९ जानेवारी

निशिगंधा,

तारीख आली. तेवीस जानेवारीले बुलढाण्याच्या ग्राउंडवर धम्मशीलाची शारीरिक चाचणी आहे. आठशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक. हॉल तिकीट पाहून तिनं मले पेढा देला, वरून पायाले हात लावला, आणि लावताना टोंगळा न वाकवता कमरेतून वाकली. ते मी पाह्यलं.

नंबर उघडला आहे तुझा, एका पोरीनं एका मिनिटात उघडला. तरी फोन करत नाही. बोलताना मले राग येते, लिहिताना कमी येते.

सुजेचं कळल्यावर तू जे बोलून पाठवलं ते मी ऐकलं. तुझी आई दळण घेऊन गेलती, फोन घरीच होता, मीच पहिल्यांदा लावलं. तू म्हटलं, "पाय पिरगळला, सूज आली, आतल्या बाजूनं दुखतं, तर आतली गादी फाटलेली असू शकते. गुडघा एकदाही अडकला असेल तर बाबा, तिला पळवू नका. एमआरआय काढा, हाडांच्या डॉक्टरला दाखवा. त्याआधी एक पाऊल पळायचं नाही. हे तिला सांगा."

अडकला आहे. काल पाण्याच्या टाकीपाशी. पायरी उतरली आणि पाय अर्धा वाकलेला तसाच राह्यला, पुढं जाईना का मागं येईना. तिचा चेहरा पांढरा पडला. मी बसवलं, पोटरी धरून हळू ओढला, आत काहीतरी सरकलं आणि पाय मोकळा झाला. आणि हा पहिल्यांदा नाही. डिसेंबरच्या सुरुवातीलेही एकदा झालता, तवाही मीच ओढून सोडवला आणि चार पोरांसमोर फुशारकी मारली की सरचा हात लागला. तू विचारलं तवा मी नाही म्हटलं. कारण हाव म्हटलं असतं तर तू काय म्हणशील ते मले माहीत होतं.

तू सांगतलं ते मी तिले सांगतलं नाही.

ओरडू नको, पहिले ऐक. भरती पुन्हा कधी निघेल याचा काही नेम नाही. दोन वर्षं तिनं पहाटे उठून काढली. बीबीले लोक तिच्या बापाले आताच "पोलिसाचे वडील" म्हणतात. एक आठशे मीटर आहे, तीन-साडेतीन मिनिटांचं काम. त्यानंतर पाहिजे तेवढा आराम, पाहिजे तो डॉक्टर. मी तर काही नवीन सांगून नाही राह्यलो, अशी अर्धी फौज पळते.

दुसरं असं, की गोविंदानं तिले गाठलं. म्हणे एका ठिकाणी सुई देतात, टोंगळ्यात टोचली की दिवसभर दुखणं समजत नाही, माझ्या दोन पोरी तशाच पास झाल्या. तिनं मले येऊन विचारलं, "सर, घेऊ काय?" मी म्हटलं, विचार करून सांगतो. सुई मले पटत नाही. म्हणून तुले विचारतो. सुई सोडून काहीतरी सांग. पट्टी, तेल, टेप, ते खेळाडू निळं निळं काय लावतात ते. चौदा दिवस काढायचे आहेत फक्त. शनिवारपर्यंत उत्तर पाहिजे.

बाबा


१६ जानेवारी
देऊळगाव राजा

निशिगंधा,

तू मले हुकूम देणारी कोण?

"मी कुठलीही पट्टी सांगणार नाही. तिचा पाय आहे, तिला सगळं सांगा, मग तिनं ठरवू दे. तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगेन." हे तू बापाशी बोलते. माझ्या ग्राउंडवर कोण पळेल आणि कोण नाही हे पुण्यातून ठरणार नाही. बावीस वर्षं फौजेत काढली, माणसाचं अंग कुठवर ताणते ते मले पुस्तकातून शिका लागलं नाही. तुझ्यापायी अर्धं ग्राउंड रिकामं झालं, आता ही राह्यलेली पोरगी तीही तूच काढून घे.

हे वरचं काल लिहिलं. फाडणार होतो. राहू दे.

आज सकाळी सहदेव आला. धम्मशीलाचा बाप. बीबीहून पहिल्या गाडीनं, लेकीसाठी तिळाच्या पोळ्या घेऊन. बोलायले शांत माणूस. ग्राउंडच्या बाजूले लिंबाखाली उभा राहून तिले चालताना पाहत होता. मग माझ्याजवळ येऊन म्हणे, "सर, पोरगी पाय लपवून राह्यली. माझ्या घरी तरी लपवते. काय आहे ते तुम्हाले माहीत असेल. तुम्ही सांगान तसं. पळव म्हणान तर पळवू, थांब म्हणान तर थांबवू." एवढंच. माझ्या तोंडाशी आलं होतं. खरंच आलं होतं, निशिगंधा. आणि मी काय म्हटलं? "पाहू. थोडा जोर पडला आहे." तो म्हणे, "मग बिनघोर." आणि पोळ्यांतल्या दोन माझ्या हातावर ठेवून गाडीले गेला.

मले त्या पोळ्या खाववल्या नाहीत.

घरी आलो तर तुझ्या आईनं ताट वाढलं आणि समोर बसली नाही. मी म्हटलं काय झालं? तर म्हणे, "मले टोंगळे आहेत, तुमच्या पोरीले होते, त्या पोरीले आहेत. तुमच्या घरात, तुमच्या ग्राउंडवर बाईचा टोंगळा दुखला तर तिनं सांगावं कोणाले? तुम्ही दुखणं ऐकता कधी? तुम्हाले फक्त आवाज ऐकू येते." इतकं ती माझ्याशी लग्न झाल्यापासून एका दमात बोलली नव्हती. मी जेवण सोडून उठणार होतो, मग तसाच बसून जेवलो, कारण उठलो असतो तर तिनं थांबवलं नसतं.

तू तिले फोन करू नको. मी सांगतो. मले सांगू दे. उद्या सांगतो.

बाबा


बुलढाणा, बसस्टँड
२३ जानेवारी

निशिगंधा,

गाडीले अवकाश आहे. सहदेव आणि धम्मशीला पलीकडच्या बाकावर बसले आहेत, मी इकडं. 

उद्या सांगतो म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी सांगतलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. रोज सकाळी ग्राउंडवर जायचो, ती खुर्ची मांडून तयार, मले पाहून उभी राह्यची, मी म्हणायचो, चालू दे. हेच चाललं. तिले पळवलं मी. हळू पळवलं, पण पळवलं. एकदा वळणावर पाय धरला तिनं, मी पाठ फिरवून घड्याळ पाह्यलं.

काल दुपारी आम्ही दोघं इथं यायले निघालो. सहदेव बीबीहून परस्पर येणार होता. चिखली सोडल्यावर गाडीत गर्दी कमी झाली, तिले खिडकीपाशी जागा भेटली. तिनं पाकिटातून एक कागद काढून मले दाखवला. सुई देणाऱ्याचा पत्ता, गोविंदानं देलेला. म्हणे, "सर, संध्याकाळी जाऊ काय? तुम्ही अजून सांगतलं नाही."

तवा सांगतलं मी. सगळं. गादी फाटलेली असू शकते, अडकला म्हणजे पळायचंच नव्हतं, डॉक्टरले दाखवायचं होतं, असं तू म्हटलं. आणि मले हे पंधरा दिवसांपासून माहीत आहे.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणे, "मले माहीत आहे सर. ताईंचा निरोप आला त्याच संध्याकाळी काकूनं मले तुमच्या घरी बोलावून ऐकवला होता."

मले काही समजेना. मी म्हटलं, मग पळाली काऊन?

ती म्हणे, "मी पाहत होती तुम्ही काय सांगता. रोज पाहत होती. तुम्ही चालू दे म्हणायचे. मी म्हटलं, ताई लांब आहेत, त्यांनी माझा पाय पाह्यला नाही. सरनं पाह्यला आहे, हातात धरला आहे. सरले सगळं माहीत असून सर पळ म्हणतात, म्हणजे पळण्यासारखं असेल."

आणि मग रडली. भर गाडीत, तोंडाले ओढणी लावून. कंडक्टर पाहून गेला. मी तिले रडताना कधी पाह्यलं नाही, टोंगळा अडकला तवाही नाही. म्हणे, "तुम्हालेच भेव वाटत होतं तर मी कोणाच्या भरवशावर पळत होती, सर?"

मी तिचा सर आहे, निशिगंधा. माझं चूप राहणं तिनं हुकूम धरलं. मी समजत होतो की मी काही सांगूनच नाही राह्यलो.

सुईले ती गेली नाही. रात्री आम्ही ओळखीच्या एकाच्या घरी उतरलो. सकाळी ती ग्राउंडवर गेली. मी म्हटलं नाही जा, म्हटलं नाही नको जाऊ. ठरवायचं तिनं होतं, तूच म्हटलं होतं, आणि मले त्याच्या वर आता काही बोलायचा हक्क राह्यला नव्हता. आम्हाले आत सोडत नाहीत. कंपाउंडच्या बाहेर भिंतीले लागून सगळे मायबाप उभे असतात, कोणी पाण्याच्या बाटल्या घेऊन, कोणी भिंतीवर चढून. सहदेव आला होता, माझ्या बाजूले उभा. थंड वारा सुटला होता. तिची बॅच लायनीत लागली, छातीवर नंबर. शिट्टीच्या आधी तिनं हात वर केला. तिथल्या पोलीस बाईसाहेबांशी काहीतरी बोलली. मग नंबर काढून त्यांच्या हातात देला आणि बाजूले जाऊन बसली. बॅच पळाली. सहदेव तिच्याकडं पाहत होता, मी खाली.

बाहेर आली तर सहदेवनं विचारलं, काय झालं? तिनं माझ्याकडं पाह्यलं. तिथं गोविंदाची पोरं होती, त्यांचे मायबाप होते, सगळे ऐकत होते. मी सांगतलं. टोंगळ्याची गादी फाटली आहे असं वाटते, रेतीत वजन देऊन मीच बिघडवला, पळायचं नाही हे मले पंधरा दिवस माहीत होतं आणि मी लपवलं.

मले वाटलं हा मारते. मारलं असतं तर बरं झालं असतं. सहदेव चिडलाही नाही. म्हणे, "सर, तुमच्या स्वतःच्या लेकीचा टोंगळा असता तर एवढे दिवस लावले असते काय?"

त्याले वाटलं याचं उत्तर "नाही" असं आहे.  पण तुले खरं सांगतो. तू असती तर मी तुलेही पळवलं असतं. तू लायनीतून बाहेर आली असती तर घरी नेऊन बोललो असतो, वर गावात तोंड लपवलं असतं. ही तरी परक्याची पोरगी होती म्हणून शेवटी जीभ उचलली. तू त्या रीलमध्ये माझं नाव घेतलं नाही, हे मोठंच केलं.

गाडी लागून राह्यली. बंद करतो.

बाबा


देऊळगाव राजा
१९ फेब्रुवारी

निशिगंधा,

ऑपरेशन नीट झालं हे आईनं तुले सांगतलं असेल. मी संभाजीनगरले दोन्ही दिवस होतो. डॉक्टरनं फोटो दाखवला, मले काही समजला नाही, पांढऱ्यात काळं होतं. तो म्हणे, फाटली आहे पण शिवता आली. अजून ताणली असती, त्या पायानं शर्यत पळाली असती, तर शिवायले काही उरलं नसतं, काढूनच टाकावी लागली असती. सहदेवनं हे ऐकलं आणि माझ्याकडं पाह्यलं. तो मले अजून सर म्हणते. का म्हणते ते मले समजत नाही.

पुढच्या महिन्यात ती तुझ्याकडं येणार. तू तिले तुझ्या खोलीत ठेवून घेते म्हटलं, हे मी तुझ्याकडून अपेक्षिलं नव्हतं. म्हणजे तुझ्याकडून अपेक्षिलं होतं, माझ्या ग्राउंडच्या पोरीसाठी अपेक्षिलं नव्हतं. काल कुबड्या घेऊन ग्राउंडवर आली होती, पोरींले भेटायले. जाताना माझ्याजवळ थांबली. म्हणे, "सर, पुढची भरती मी सोडणार नाही. पण तयारी ताईकडं करीन. इथं नाही करणार." तोंडावर बोलली, मान वर करून. तिले दोन वर्षांत माझ्याशी मान वर करून बोलताना पाह्यलं नव्हतं. मी म्हटलं, बरं.  ती गेल्यावर एका पोट्ट्यानं येऊन विचारलं, सर, आज बैठका घ्यायच्या का नाही. त्याले म्हटलं, माहीत नाही रे, थांब थोडं.

ग्राउंड चालू ठेवतो का नाही ते ठरलं नाही. पोरं आहेत थोडी. रेतीचा ढीग उचलून नेला मी, शेजारच्याचं बांधकाम चालू आहे, त्याले देला. आवाज आला की थांबून विचारायचं, दुखते काय, कुठं दुखते, एवढं शिकून राह्यलो. पोट्टे पहिले खरं सांगतच नाहीत. त्यांले वाटते दुखते म्हटलं की सर हाकलून देतीन. हे त्यांले मीच शिकवलं, आता ते काढायले मलेच किती दिवस लागतात पाहू.

तुझ्या आईनं तुझ्या सांगण्यावरून खुर्चीवरून उठणं-बसणं सुरू केलं आहे. मी बाजूले उभा राह्यतो. माझ्यावर ओरडते, तुम्ही मोजू नका म्हणते.

तिले बैठका शिकव. धम्मशीलाले. घाई करू नको, ती करेल, तिले थांबव. दुखलं तर ती सांगणार नाही, तिचा चेहरा पाहत जा, उजवी भुवई थोडी वर जाते. हे मले माहीत होतं आणि मी पाहून न पाह्यल्यासारखं केलं. तू तसं करणार नाहीस.

ती पुढच्या भरतीले उभी राह्यली, की मी बुलढाण्याले जाणार आहे. तिनं बोलावलं नाही, बोलावणारही नाही. कंपाउंडच्या बाहेर भिंतीपाशी उभं राह्यायले कोणाची परवानगी लागत नाही. पहाटे जाऊन जागा धरा लागते, नाहीतर समोर दिसत नाही. तू येणार असशील तर तुझ्यासाठी पण धरून ठेवतो.

बाबा